कुंकू लावलेला पोर्ट

—नाही म्हंजे नाही, दादा. कंपुटरातलं लिनक्स काढून विंडोज टाकू देनार नाही मी. तुमाले खामगाववरून दुरुस्तीले दयारामभाऊजीनं बलावलं, माईत हाय मले — दीर हाय माझा — अन् काय शिकवून पाठवलं तेबी माईत हाय. 'वहिनीचं मशीन मेलं म्हना.' दसऱ्यापासून नेट बंद हाय ना, आज नाही चाललं तं उद्या या खोलीत त्याच्या खताचे पोते. मंग मी काय करू? त्याच्या लेकरायचे डबे भरत बसू? नाही बसत, जा! सातबारा काढाले अर्धं पिंपळगाव माझ्या दारात येते.

काय म्हनता, मांगचे दोन्ही दिवे हिरवे हायत, म्हून मशीनच बिघडलं? अहो, हिरवा दिवा म्हंजे वायर जिती हाय, बस. दोन पोर्ट हायत याले — एक बाहेरच्या नेटचा, एक आतल्या प्रिंटरचा. सहदेवनं बसवलं हे सारं. हो, नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली. मेलेल्या मानसाचं नाव घेतलं तं कोनाचं काय जाते? सकायपासून विचारून राह्यली मी मशीनले — नेट जवाब देत नाही, अन् प्रिंटरबी देत नाही. दोन्ही संगंच मरतात काय? वायरा उलट्या लागल्या असतीन म्हनावं, तं तसं कसं होईन बाप्पा — खूण हाय ना माझी! नेटच्या पोर्टवर कुंकू लावेल हाय. हसू नका. सहदेव गेला त्या दिवशी बायायनं कपायाचं पुसलं, डबी तं भरेलच राह्यली. कपायाले लावलं तं गाव बोलते — मंग मशीनले लावलं. घ्या!

वायरा कोनं काढल्या? मीच काढल्या होत्या, खंडेनवमीले, पूजेसाठी. सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या ना. सहदेव गेल्यापासून या खोलीचा उंबरा नाही वलांडला त्यायनं, त्याची रिकामी खुर्ची पाहवत नाही म्हने — अन् त्या दिवशी वखराची, विळ्याची पूजा केली अन् सिध्या इथं. मी तोंड फिरवून बसली — मले रडू येत होतं, खोटं कायले सांगू — अन् मांगं त्यायनं... थांबा. ते बॅटरी द्या इकडं. फिरवा मशीन. हे पाहा! एक नाही, दोन कुंकू. हे गोल, जुनं, माझं. अन् हे प्रिंटरच्या पोर्टवर, वर वढेल बोट — हे त्यायचं. अन् मी येडी, दसऱ्याले वायरा लावतानी पह्यलं कुंकू दिसलं तथीच नेटची वायर खुपसली!

म्हंजे माझं दिसलं असन त्यायले. वळखलंबी असन, लग्नात डबी त्यायनंच देल्ली होती. अन् पुसलं नाही... बाजूले आपलं लावलं.

बदला, बदला वायरा. ही इकडं. हां — पाहा, उघडलं पान! सांगा जाऊन भाऊजीले, मशीन जितं हाय अन् वहिनीबी हाय. आता ते फडकं काऊन काढलं? परत घोटाळा नको म्हून एक पुसता? खबरदार! ठेवा खाली. एकबार पुसलं तवा मी गप बसली. पेनानं लिहीन मी बाजूले, कोनता कोनाचा ते. कुंकवाले हात लावाचा नाही. या तुमी आता — अन् बाहेर लोक उभे हायत, त्यायले म्हना, आत या.