न आलेली आकडी

सभ्य गृहस्थहो,

आपण सगळे आलात. शाळेच्या याच खोलीत मी मुलांपुढे दिवसभर बोलत असतो, पण आज समोर तुम्ही बसला आहात. नवऱ्याने बायकोच्या शोकसभेत बोलावं अशी आपल्याकडे रीत नाही. अध्यक्ष म्हणाले, मास्तर, त्यांचं काम तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, तुम्हीच बोला. म्हणून उभा आहे. तिचं नाव मात्र घेणार नाही. तुम्ही सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत होता. मीही आज तसंच म्हणतो, नाहीतर पुढे बोलता यायचं नाही.

बाई मुंबईला शिकून कर्जतच्या दवाखान्यात आल्या आणि मी त्यांच्यामागून इथल्या शाळेत बदली मागून घेतली. लोक हसले. हसू देत. आम्हाला वाटलं होतं, बायकांना बाई डॉक्टर मिळाली म्हणजे दार भरून जाईल. पण बायका येत त्या शेवटच्या घटकेला.

पहिल्याच पावसाळ्यात खालापूरकडून एका गरोदर बाईला डोलीत घालून आणलं. वाटेत तिला आकडी यायला लागली होती. अंग ताठ व्हायचं, दात मिटायचे, मग झटके. दवाखान्याच्या ओसरीवरच ती गेली. पोटातलं मूलही गेलं. तिची सासू सांगत होती, "सकाळी भात कांडीत व्हती, बाई. काय नव्हतं झालं तिला."

 बाई तिच्या पावलांकडे बघत होत्या. जोडवी मांसात रुतून बसली होती.

घरी आल्यावर मला म्हणाल्या, "ही सूज एका सकाळची नव्हे. शरीर आधीपासून सांगत होतं. काय सांगत होतं आणि कधीपासून, हे कुणीतरी बघायला हवं."

ते त्यांनी बघायला घेतलं. गावोगाव जायचं, गरोदर बायकांना गाठायचं. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? पाऊल दाबलं की खळगा राहतो का? आणि मग, गृहस्थहो, लाजण्याचं कारण नाही, त्या लघवी मागून घेत. काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. कुणाकुणाची नासल्या दुधासारखी पांढरी होई. ही खूण पुस्तकांत होती. पण पांढरं दिसल्यावर आकडी येईपर्यंत किती अवकाश मिळतो? सगळ्यांनाच ती येते का? निजवून ठेवलं, दुधावर ठेवलं, तर टळते का? हे आपल्या मुलखातल्या बायांत कुणी पाहिलेलं नाही, असं त्या म्हणत.

गावाला काय दिसलं? लघवी उकळणारी बाई. आमच्या घरी कुणी पाणी घेईनासं झालं. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. त्या दिवशी बाई घरीच कैरीची डाळ करत. आम्ही दोघे समोरासमोर बसून खात असू. विषय निघत नसे. आज कुणाला बोल लावायला मी उभा नाही. घर कसं होतं, ते सांगतो आहे.

कळंबला सखू म्हणून एक पहिलटकरीण होती. तोंड सुजलेलं, नळीतलं पाणी पांढरं. बाईंनी घरच्यांना विनवलं, हिला दवाखान्यात आणा, अंधाऱ्या शांत खोलीत निजू द्या, दुधाशिवाय काही देऊ नका. सासू ऐकेना. म्हणाली, "आमची पोर कामाची हाय, आजारी नाय. ती निजली तर लावणी कोण करील?"

मग बाईच रजा काढून कळंबला जाऊन राहिल्या. त्यांच्या पडवीत, गोणपाट अंथरून. सखूला उठू दिलं नाही. दूध स्वतः आणून पाजलं. सासूचं बोलणं ऐकून घेतलं. हळूहळू सूज उतरली. सखू बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. आकडी आली नाही.

मी गाडी घेऊन बाईंना आणायला गेलो तेव्हा सासू दारात उभी होती. म्हणाली, "बगा, मी सांगत व्हते ना? काय सुदिक झालं नाय." आणि आत गेली.

मला राग आला. वाटेत मी म्हणालो, या लोकांनी आभाराचा एक शब्द तरी काढायचा होता.

बाई म्हणाल्या, "अहो, जे झालंच नाही त्याचे आभार कोण मानील? आणि ते माझ्यामुळे टळलं, हे तरी मला कुठे ठाऊक आहे? कदाचित तसंही आलं नसतं. एका सखूवरून काही ठरत नाही."



म्हणून बाई आकडीने गेलेल्या बायांच्या घरीही जात. ज्यांनी त्यांचं ऐकलं नव्हतं, त्यांच्याही. तेरावं झाल्यावर जाऊन अंगणात उभं राहायचं आणि विचारायचं, सूज कधी दिसली होती? कुठे शिव्या मिळत, कुठे दार लागे. मी म्हणायचो, नका जाऊ. त्या म्हणत, वाचलेल्याच तेवढ्या हिशेबात धरल्या तर मी स्वतःला फसवीन.

पुढे मुंबईला डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी आपली टिपणं वाचली. मी मागे बसलो होतो. टाळ्या झाल्या. एकाने त्यांच्या इंग्रजीची तारीफ केली, दुसऱ्याने हिंदू स्त्रीच्या धैर्याची. मग चहा झाला. परतीच्या आगगाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकानेही प्रश्न विचारला नाही हो. हे चूक आहे, असं तरी कुणी म्हणायचं होतं."

मी व्याकरण शिकवणारा माणूस. जेवताना ती मला सगळं समजावून सांगायची, मी मान डोलवायचो. तिला भांडणारं कुणी हवं होतं, समोर बसून, बरोबरीने. ते या गावात नव्हतं. मुंबईतही भेटलं नाही. मी तिच्या शेजारी होतो, पण त्या प्रश्नाशी ती एकटीच होती.

हिवतापाने तिला चार दिवसांत नेलं. शुद्ध असेपर्यंत विचारत होती, दहिवलीची ती सुजल्या पायांची बाई दाखवायला आली का? ती आली नव्हती. आली आहे, असं मी तिला सांगितलं नाही. खोटं तिला चालत नसे.

दवाखान्यात नवे डॉक्टर येतील. ते हुशारही असतील. ते अंगणात जाऊन उभे राहतील का, मला माहीत नाही. तिचं उत्तर अर्धंच राहिलं. घरी आता कुणी काही समजावून सांगत नाही. मी ताट वाढून घेतो आणि गप्प जेवतो.

आता मौन पाळायचं, त्याविषयी. अध्यक्षमहाराज, एक विनंती आहे. इथून मला खिडकीतून शाळेचं आवार दिसतं. तिथे बायका उभ्या आहेत. कडेवर पोरं घेऊन, उन्हात. कुठल्या कुठल्या गावांहून चालत आलेल्या दिसतात. सभा आपण भरवली, पण त्यांना आत या म्हणायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही. दार उघडा. पुढच्या मंडळींनी थोडं सरकून घ्या. त्या येऊन बसेपर्यंत कुणी काही बोलू नये. तेवढंच मौन पुरे आहे.

या, बायांनो. आत या.