एका गंजाचे दोन

नाई नाई शफीभाऊ, घन खाली ठेव आधी — तोडाचाच हाय, त्याच्यासाठीच त डोक्यावर घेऊन आली चामोर्शीच्या बाजारात, पन जरासा दम धर. तूच ओतला होता ना हा भाताचा गंज? वळखला? — वळखशीनच, आपल्या हातचं काम माणूस विसरते काय! पत्र्याचे गंज पाह्यले मी, जरासा धक्का लागला का तोंड वाकडं, नव्या सुनेवानी. हा ओतीव अल्युमिनचा, जाड बुडाचा. चूल कितीबी भडकू दे, भात बुडाले लागला नाई कधी, अन् माणसं धानाच्या बांधीतून येईतोवर गरमच. सासू जिती होती तवा म्हणे, पितळेची लक्ष्मी सोडून हे जर्मनचं कुठून आणलं व माय, याले त वजनच नाई! — अन् कलईवाल्याची वाट पाहाची गरज नाई समजल्यावर तिनंच सगळ्यात आधी पितळ माळ्यावर टाकलं. मी अन् बुधरी पदर तोंडात कोंबून हासलो.

बुधरी कोण? — धाकटी जाऊ ना माही, मुखरूची बायको. आली तवा येवढुशी होती, पेज काढता काढता हात भाजून घे. अंबाडीची भाजी जर्मनमंधी ठेवाची नाई, काळी पडते, हे तिले कोण सांगनार? ठेवली एक दिवस रातभर. सकाळी सासूनं झाकण उघडलं — मी म्हटलं, म्या ठेवली. तवापासून ती माही झाली. मले लेकरू नाई, तुले त माहीत हाय. तिचे दोघं माह्याच मांडीवर जेवले. लहाना मंगरू मले माय म्हणते अन् तिले बुधरी म्हणते, बोल!

भांडण? — नाई रे भाऊ. भांडण असतं त मिटवता आलं असतं. मुखरूले घुग्घुसच्या खाणीत काम लागलं, राहाले खोली भेटून राह्यली. उद्या बुधरी अन् लेकरांले घेऊन बंडी निघते चांद्याले, तिथून घुग्घुस. माहे घरचे म्हणे, वाटणी करून टाका, मागून कटकट नको. धान वाटलं, बैल वाटले, राह्यला हा गंज. मी म्हटलं बुधरीले द्या. बुधरी म्हणे बाईले, म्हंजे मले द्या. दोघीबी हट्टाले पेटलो — मंग मुखरू म्हणे, वितळवून दोन करा. माणसाचं डोकं!

हो, तुहा नेम ठाऊक हाय मले — दोघी वाटेकरनींनी हात लावल्याशिवाय घन माराचा नाई, नाईतर मागून कोणी म्हणते माल बदलला. आली हाय ना ती. ते पाह्य, चिंचेखाली, पाठ करून उभी. कालपासून बोलली नाई माह्याशी. मीबी नाई बोलली. बोलली असती त रडली असती, अन् मंग तिचा पाय निघाला नसता घरातून. बुधरे! ये व इकडे, शफीभाऊ बोलावून राह्यला! — नाई येत. मुंडी हालवते. तिच्या वाटचा हात मीच लावतो, चालते? हा पाह्य, लावला. थंडा हाय. आजवर असा थंडा नाई लागला कधी.

दोन सारखे नको ओतू. तिचा मोठा कर, लेकरं वाढीची हायेत. माहा लहानसा, दोन माणसाचा. — माहाबी मोठाच करू म्हणून राह्यला? काऊन, लेकरं सुटीत येतीन म्हणून? येतीन ना. नाई कोण म्हणते. पन लहानच कर भाऊ. मोठ्या गंजात हात सवयीनं सगळ्यांचे तांदूळ टाकते — अन् मंग झाकण उघडून मी हाक कोणाले मारू?

मार आता. माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यला — मार म्हटलं ना!