गुरू पेटला तर

पालघरला सातपाटीच्या एसटीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं मासळीची रिकामी टोपली घेतलेली बाई आणि तिचा दीर. तो तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. कान काही मिटता येत नाहीत.

"भावजी, त्या गुरूच्या ताऱ्याचं साहेबाला इचारलंत?"

"इचारलं, वयनी. त्याच्यात सगळा सूर्यातलाच वायू हाय, म्हनाला."

"मंग पेटवता येल!"

"नाय. सूर्यापुढं तो फार बारका. ठिणगी टाकली तरी आग पसरायच्या आधीच इझंल."

"चुलीत एकटी काटकी इझते, तशी?"

"तशीच. पन तुमाला कशाला पेटवायचाय तो?"

"रातीचा दर्यावर उजेड पडला असता. तुमच्या दादांना किनारा दिसला असता."

"वयनी, दोन पावसाळे गेले."

"म्हाईत हाय मला."

गाडी आली. रांग सरकली, ती तिथंच उभी.

"चला, वयनी."

"भावजी, नाय पेटत तेच बरं."

"का?"

"होडी लोटताना म्हनालेले, गुरू माथ्यावर आला की घराकडं वळतो. त्याचाच सूर्य झाला, तर त्यांना वळखू कसा येल?"