सरवदे मॅडमच्या उजेडाच्या बाटल्या

प्राचार्य साहेब, गुरुजन मंडळी, पोरांनो, आणि लोह्याहून आलेले मॅडमचे माय-बाबा. मी गंगाधर, मॅडमच्या प्रयोगशाळेतला शिपाई. सभेत बोलायची मला सवय न्हाई. पण आज बोललो न्हाई तर भाकर गिळायची न्हाई.

मॅडम परवा दवाखान्यात वारल्या. ऊन लागून गेल्या. तुम्हाला एवढंच ठाऊक हाय. असल्या उन्हात त्या कशापायी फिरल्या, ते मला ठाऊक हाय.

पाच सालांमागं मॅडमनं कोकणातून छोटे रुपेरी मासे आणले, बर्फात घालून. त्या माशाच्या घशाभोवती पिशवी असते. पिशवीत जंतू. मॅडमनं ते काढले अन् खारट रसात वाढवले. एका दुपारी म्हणाल्या, "गंगाधर, कोठीच्या खिडक्यांना काळा कागद लाव." आत बसलो. दहा मिनिटं काहीच न्हाई. मग डोळे सरावले अन् बाटली निळी दिसाया लागली. मंडळी, मी भोकरचा माणूस. समुद्र कधी बघितला न्हाई. त्याचा उजेड मला मॅडमनं दाखवला.

मी इचारलं, "मॅडम, सकाळीबी ही अशीच उजळत होती?"

"सकाळी जंतू थोडे होते. थोडे असले की ते उजेड पाडत नाहीत. प्रत्येक जण रसात एक पदार्थ सोडत राहतो. समुद्रात तो वाहून जातो, बाटलीत साठतो. पुरेसा साठला की सगळे एकदम उजळतात."

"अन् माशात?"

"माशाची पिशवी चिंचोळी. तिथं दाटीच असते. मासा त्यांना खाऊ घालतो, जादा झाले की बाहेर सोडतो. तिथं ते हळू वाढतात, पण उजेड कधी गमावत नाहीत. आपल्या बाटलीत भराभर वाढतात, अन् काही पिढ्यांनी त्यातले काही कायमचे काळे पडतात. हे का होतं, ते मला शोधायचंय."

म्हणून दर आठवड्याला मॅडम बाटलीतले जंतू बशांवर पसरायच्या, अंधारात बसून त्यावर उगवलेले उजळ ठिपके तेवढे निवडायच्या, नव्या रसात घालायच्या. पाच सालं. एक आठवडा चुकला न्हाई.

मग हा दुष्काळ. आपला लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, नळ मात्र कोरडेच. वीज जायची, फ्रीज बंद पडायचा. उष्णतेनं हे जंतू मरतात. म्हणून बाटल्या घमेल्यात ठेवून, ओलं गोणपाट गुंडाळून, रोज एक बादली पाणी. ती बादली मॅडम स्वतःच्या घरून आणायच्या.

मे महिन्यात बाबांना बरं न्हाई म्हणून मॅडम तीन दिवस लोह्याला गेल्या. तीन बादल्या भरून ठेवून गेल्या. मला म्हणाल्या, "घमेलं सुकू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर आला न्हाई. माझ्या धाकटीला जुलाब लागले होते. घरात घोटभर पाणी न्हाई. मंडळी, मी उरलेल्या दोन्ही बादल्या उचलून घरी नेल्या.

मॅडम आल्या. आम्ही कोठीत बसलो. दहा मिनिटं. अर्धा तास. तास. काळोख. मी रडत सगळं सांगितलं. मॅडमनं आधी काय इचारलं? "पोरगी कशी आहे?" हेच. आधी हेच इचारलं.

मग आठ दिवस त्यांनी त्या बाटल्यांतून काही जगतंय का बघितलं. काही जगलं न्हाई. मग एकट्या कोकणात गेल्या, नवे मासे आणायला. येताना वाटेत बर्फ वितळला. कंडक्टर सांगत होता, बाईंनी प्यायचं पाणी मासळीच्या पेटीवर ओतलं. त्यो म्हणाला, बाई, प्या की. त्या म्हणाल्या, लातूर आलंच. लातूरच्या स्टँडवर उतरल्या अन् कोसळल्या.

दवाखान्यात मला म्हणाल्या, "पिशव्या काढ. बशांवर पसर. तुला येतं." मी पसरलं, त्यांनी शिकवलं तसंच. आज सकाळी कोठीत बसलो. लई वेळ बसलो. मासे सडले होते मंडळी. एक ठिपका उजळला न्हाई.

माझी पोरगी बरी झाली. मॅडमच्या माय, तुमची गेली. तुमच्यापुढं माफी मागायला मला तोंड न्हाई. परत तशी येळ आली तर बादल्या नेशील का, असं मला इचारू नका. नेईन. हेच मला सोसवत न्हाई.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

मॅडम, जयभीम.