किल्लीचे पेढे

किल्लीचे पेढे कधी ऐकले का तुम्ही? मी वाटले आहेत.

आमची शीतल इथे धाड गावात घरी बसूनच काम करते. कॉम्प्युटरमधला सगळ्यात आतला प्रोग्राम, ज्याच्यावर बाकीचे चालतात, त्याला कर्नल म्हणतात. तो ती दुरुस्त करते. चार दिवस पोरगी नीट जेवेना, म्हणून विचारलं, "काय झालं वो माय?"

"एका फाइलले कुलूप लागलं, आई. बाकीचे प्रोग्राम वाट पाहून राह्यले. कोण कोण अडकलं ते शोधाले चुका पकडणाऱ्या डीबगरची स्क्रिप्ट लिहिली, यादीबी भेटली, पण कुलूप उघडत नाही. शुक्रवारपर्यंत नाही जमलं, तर हापिसवाले हे काम माह्याकडून काढून घेतीन."

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "अडकलेल्यायले काय विचारून राह्यली? पंगतीच्या भांड्यायच्या खोलीची किल्ली घेऊन तुही मोठी आई चिखलीले गेली होती, तवा आम्हीबी दाराशी बसून एकमेकींवरच ओरडलो. किल्लीवाली कुठी हाय, ते पाह्य नं!"

तिनं स्क्रिप्ट बदलली आणि ओरडलीच, "आई, कुलूप लावणारा प्रोग्राम तं कवाचाच बंद पडला! त्याचं कुलूप काढाचंच राह्यलं!"

दुरुस्ती झाली. ज्यानं सुचवलं त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायची त्यांच्यात रीत आहे. शीतलनं माझं लिहिलं. मला रडूच आलं.

पेढे घेऊन आधी शीतलच्या मोठ्या आईकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे गेले.

"कायचे वो?"

"तुम्ही किल्ली चिखलीले नेली होती नं, त्याचे. लय उपकार झाले."

जाऊबाईंनी पेढा परत ठेवला. "तीन वर्षं झाले बाई, आता तं टोमणे बंद कर!"