न बुडालेल्या फळ्या

गंगाबाई : ‘भंगलेला देव घरात ठेवायचा नाही. त्याच दिवशी वाहत्या पाण्यात सोडायचा आणि मागे वळून पाहायचं नाही.’ सासूबाई सांगायच्या, नित्या. त्यांचा आवाज अजून कानात आहे. मी तेवढंच केलं.

नित्या : आत्या, देव कुठला? त्या फळ्या होत्या. माझ्या वर्गाच्या.

गंगाबाई : फळीवर बाळकृष्ण होता. लोण्याचं मडकं होतं, गुबगुबीत गुडघे होते, मोरपीस होतं. डोळे तेवढे नव्हते. डोळे नसलेल्या देवाला भंगलेला नाही तर काय म्हणायचं?

नित्या : अर्धवट म्हणायचं. सीतारामकाकांच्या चित्रशाळेत असे तीस पडून होते. एका हॉटेलवाल्याने खोलीखोलीत लावायला सांगितले, मग हॉटेलच विकलं, आणि नव्या मालकाला भिंतीवर आरसे हवे झाले. काका म्हणाले, वाळवीने खाण्यापेक्षा तुझ्या पोरांच्या हाती पडू देत. आज सकाळी मी तुमच्यासमोर उभी राहून सांगितलं की करवतीचं पातं आणायला जाते, आल्यावर कापायला बसू. तुम्ही हात जोडलेत, मला वाटलं होकार दिलात.

गंगाबाई : देवाला जोडले. तुला नाही.

नित्या : निदान कागदावर ‘नको’ असं लिहायचंत.

गंगाबाई : चातुर्मासाचं मौन आहे, बाळ. जेवण होईपर्यंत शब्द नाही. लिहिणं म्हणजेही बोलणंच.

नित्या : मग ऑटोवाल्याला तिरुवैयारुचा घाट कसा सांगितलात?

गंगाबाई : पंचांगाच्या पाठीवर तिथल्या देवळाचं चित्र आहे. त्यावर बोट ठेवलं. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून वाटभर ओरडून बोलत होता. मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. मुलगा चांगला आहे, कुंभकोणमला बँकेत.

नित्या : मला हसवू नका. मी रागावले आहे. किती नेल्यात?

गंगाबाई : ऑटोत अठराच मावल्या. बारा मागच्या पडवीत आहेत. उद्या नेणार होते.

नित्या : ऐय्यो. आणि अठरा बुडाल्या.

गंगाबाई : तेच सांगायचं राहिलं. बुडाल्या नाहीत. मी एकेक करून सोडल्या, सगळ्या थोड्या पुढे गेल्या, भोवऱ्यात फिरल्या आणि पायरीशी परत आल्या. पुन्हा लोटल्या, पुन्हा आल्या. आंघोळ करणारे एक गृहस्थ म्हणाले, अम्मा, हे प्लायवूड आहे, याला कावेरी घेत नाही. तिसऱ्यांदा एक फळी माझ्या पायालाच लागली. मी नमस्कार केला आणि निघून आले.

नित्या : मागे वळून न पाहता.

गंगाबाई : थोडं पाहिलं.

नित्या : आत्या, बुधवारी हेडमास्तर येणार आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, शाळेच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत बुधवारपर्यंत गणिताचं काही दिसलं तर खोली माझी, नाही तर गुरुवारी मोडके बाक आत जातील आणि खोलीला कुलूप. दोन महिने मी त्यांच्या मागे लागले होते. तीस मुलं आहेत, म्हणून तीस फळ्या. प्रत्येक फळीतून एक गोल कापायचा. त्याचे दोन अर्धे, मग चार पाव, मग आठ.

गंगाबाई : चारजणांत एक गोल दिला तर चालणार नाही?

नित्या : गेल्या वर्षी तसंच केलं होतं. हुशार मुलं गोल हातात घेऊन बसतात आणि बाकीची बघत राहतात. ती दिव्यश्री आहे ना, फळवाल्याची. दुकानात काल् किलो, आपला पाव किलो, म्हणजे किती ते तिला बापापेक्षा पक्कं ठाऊक. पण वहीत एकाखाली चार लिहिले की म्हणते, हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे. सगळे हसतात. आता ती हातच वर करत नाही. तिच्या हातात तिचा स्वतःचा पाव हवा. अर्ध्यावर ठेवून तिने तो स्वतः पाहायला हवा.

गंगाबाई : हे मला आधी का नाही सांगितलंस?

नित्या : सांगितलं होतं. शुक्रवारी. तुम्ही जप करत होतात.

(दाराशी ऑटो थांबतो. सीतारामराव ओल्या फळ्यांचा गठ्ठा छातीशी धरून आत येतात. झब्बा पुढून भिजलेला, खांद्याला कामाची पिशवी.)

सीतारामराव : गंगाक्का, जलविहार उत्तम झाला ना?

गंगाबाई : या, सीतारामराव. बसा. माझं चुकलं.

सीतारामराव : बसतो, आधी या कुठे ठेवू ते सांगा. मागच्या बाजूला माझ्या चित्रशाळेचा शिक्का आहे, शिक्क्यात फोन नंबर. घाटावरच्या फुलवालीने, पूक्कारम्माने, फोन लावला. म्हणाली, तुमचे बरेच कृष्ण इथे पोहत आहेत, येऊन न्या. मी जेवत होतो, तसाच उठलो.

नित्या : काका, किती मिळाल्या?

सीतारामराव : मोज. आणि तोंड असं करू नकोस, आधी फळीकडे बघ.

नित्या : चित्र कुठे गेलं?

सीतारामराव : गेलं ते बरं झालं. आम्ही फळीवर कापड चिकटवतो ते चिंचोक्याच्या खळीने. त्यावर खडूची भुकटी, त्यावर चित्र. घाटाशी तीन तास पाण्यात राहिलं, खळ सुटली, कापडासकट सगळं निघून आलं. खाली फळी कोरी. तू हे सुरीने खरवडणार होतीस. बुधवार कशाला, दसरा उजाडला असता.

नित्या : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सरळ चित्रासकट कापणार होते.

गंगाबाई : चित्रासकट! देवाच्या पोटातून करवत!

सीतारामराव : अक्का, ऐका. आमच्या वडिलांची रीत सांगतो. सोनं लावलं, खडे बसवले, दागिने झाले, तरी कुंचल्याने डोळे लिहीपर्यंत ती फळीच. आम्ही तिच्यावर कॉफीचा पेला ठेवतो.

गंगाबाई : शिव शिव.

सीतारामराव : डोळे शेवटी. त्या दिवशी वडील आंघोळ करून, उपाशी बसायचे. डोळे उघडले की मग पेला नाही, पाय नाही, त्याच्याकडे पाठसुद्धा नाही. त्याआधी काही नाही. तुम्ही पाण्यात सोडलंत ते लाकूड होतं, म्हणून तर तरंगलं.

गंगाबाई : म्हणजे कापलं तर दोष नाही?

सीतारामराव : असला तर माझ्या नावावर.

गंगाबाई : तुमच्या नावावर कशाला? मी उद्या एक माळ जास्त करीन. नित्या, त्या पडवीतल्या बारा फळ्या.

नित्या : त्यांचं काय?

गंगाबाई : न्हाणीघराच्या हौदात बुडवून ठेवते. वर जातं ठेवलं की तरंगणार नाहीत. संध्याकाळपर्यंत कापड सुटेल.

सीतारामराव : बघ, विसर्जनाचा सराव झाला आहे त्यांना.

नित्या : काका, या सतराच आहेत. सतरा आणि बारा एकोणतीस. एक कमी.

सीतारामराव : ती ऑटोत राहिली असेल बघ. सीटवर. जरा जड आहे, दोन्ही हातांनी उचल.

नित्या : ही आपली नाही. हा पाट आहे. फणसाचा. केवढा गुळगुळीत झालाय.

सीतारामराव : पूक्कारम्माचा आहे. वीस वर्षं यावर बसून ती माळा गुंफते, असं म्हणाली. झालं काय, अक्का निघाल्या निघाल्या तिने एक फळी पाण्यातून उचलली होती. तिच्यावरचं चित्र शाबूत राहिलं. मी पोहोचलो तर कृष्ण टपरीच्या खांबावर टांगलेला, गळ्यात मोगरा. मी म्हटलं, अम्मा, ही शाळेची आहे, एका मुलाची कमी पडेल. तिने मुलं किती, काय शिकणार, सगळं विचारून घेतलं. मग उठली, बुडाखालचा पाट काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, मुलाला हा द्या, देव मला राहू द्या. आता ती तांदळाच्या पोत्यावर बसली आहे.

गंगाबाई : काय बाई असते एकेक.

नित्या : तीस झाल्या. आत्या, तीस झाल्या. हा पाट मी दिव्यश्रीला देणार. याचा पाव हाताला लागेल चांगला.

गंगाबाई : कापण्याआधी करवतीला हळदकुंकू लावू दे. आणि कॉफी ठेवते. सीतारामराव, फळीवर पेला ठेवू नका हां, माझ्यासमोर नको.

सीतारामराव : कॉफी नको, अक्का. आज काही नको. नित्या, फळ्या उन्हात आडव्या घाल, वर विटा ठेव, नाही तर पापडासारख्या वळतील. तासातासाने उलटव. गोल मारायला माझा कंपास या पिशवीत आहे, तो ठेवून घे. आणि त्याच पिशवीतला तो बारीक कुंचला मला दे.

नित्या : कुंचला कशाला?

सीतारामराव : पाट देताना तिने एवढंच विचारलं, अय्या, याचे डोळे कधी लिहिणार? आज, म्हणालो. पाट हातात होता, दुसरं काय म्हणणार?

नित्या : काका, दोन वर्षांत तुम्ही डोळे लिहिलेले नाहीत. हात कापतो म्हणून ते काम भाच्याला देता. त्यालाच पाठवा ना.

सीतारामराव : शब्द मी दिला, भाच्याने नाही.

गंगाबाई : जेवणावरून उठून आलात म्हणालात. काही खाल्लं नाहीत ना?

सीतारामराव : दोन घास. ते कृष्णाला चालतील. साडेतीनची बस मिळाली तर घाटावर अजून चांगला उजेड असेल.

गंगाबाई : आणि हात थांबला नाही तर?

सीतारामराव : दोनच डोळे आहेत, अक्का. सावकाश लिहीन.