निळ्या दांड्याचा ग्लास

भवानी पेठेतल्या काचसामानाच्या दुकानात रांग होती. नलिनीच्या पुढे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या.

"मीने, त्यो बघ, निळ्या दांड्याचा! हेडबाईंच्या घरी गेलं की त्या मला तस्सल्याच ग्लासात सरबत देत्यात."

"तुला? शाळेतल्या शिपाईणीला?"

"व्हय की! म्हणून तर एक घेते. रविवारी पोरीच्या साखरपुड्याला बाई येणार हायत. त्यांना आपल्या स्टीलच्या पेल्यात कसं द्यायचं?"

"असले ग्लास सहाच्या खोक्यात येत्यात, विठे. बाईंचे बाकीचे पाच कुटं असत्यात?"

"काचेच्या कपाटात. पाव्हणं आलं की काढत्यात."

"आन् तुझा?"

"माझा मोरीजवळच्या फळीवर. पिऊन झालं की मीच धुऊन उपडा घालते. दुसऱ्या कुणाला त्यो देतच न्हाईत, माझ्यासाठीच..."

विठाबाई बोलता बोलता थांबली. नलिनीने हातातली कपबशी हळूच खाली ठेवली.

"विठे? अगं, बोल की."

"दोन वरसं, मीने. दोन वरसं मी समद्यांना सांगत फिरले, बाई मला लई मान देत्यात म्हणून."

"चल, घरी जाऊ."

"या बाई, पुढं या," दुकानदार म्हणाला. "निळा एकच ना?"

विठाबाईने काउंटर घट्ट धरला.

"न्हाय. सहा द्या. रविवारी बाईंना, व्याह्यांना, माझ्या सासूला, समद्यांना ह्याच्यातच देणार. धुऊन ठेवल्यावर कुणाचा कुठला, त्ये कळायला नको."